चार फुटांची भिंत आणि एक शिडी

प्रश्न : आमच्या घरामागे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. तिथे १५ फूट व्यासाचा, ४ फूट उंचीचा, लोखंडी फ्रेमचा पूल बसवायचा विचार चालू आहे. दुकानदार म्हणतो, खोदकामच नाही, मग परवानगी कसली? एका दुपारात उभा करून देतो. यजमान म्हणतात, पूलची भिंतच चार फुटांची आहे, वर वेगळं कुंपण कशाला? सासूबाईंचं म्हणणं, घरात अडीच वर्षांचं पोर असताना हा उद्योगच नको. दिरांनी तोडगा काढलाय : अंगणात नको तर गच्चीवर लावू, म्हणजे पोर तिथवर जाणारच नाही. थोरलीचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय आणि तिने तोवर पूल तयार असेल असं सगळ्या मैत्रिणींना सांगूनही टाकलंय. कोणाचं ऐकू?
– चौघांच्या कात्रीत सापडलेली

उत्तर : ताई, गच्चीचं आधी निकालात काढू, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. १५ फूट व्यासाच्या पूलमध्ये साडेतीन फूट पाणी भरलं की ते साधारण १७,५०० लिटर होतं. म्हणजे साडेसतरा टन. चौरस फुटाचा हिशेब काढलात तर जवळजवळ १०० किलो. राहत्या घराचा स्लॅब किंवा गच्ची आखताना माणसं, सामानसुमान यांच्यासाठी जो भार धरतात तो चौरस फुटाला १५ ते २० किलोच्या आसपास असतो. दीर म्हणतील, गच्चीवर पाण्याची टाकी असतेच की. असते, पण ती बहुधा खांबांच्या आणि तुळयांच्या डोक्यावर, तिच्यासाठी केलेल्या बांधकामावर बसवलेली असते, आणि तिच्यात या पूलच्या तुलनेत चुळकाभर पाणी असतं. शिवाय चार फुटी पूलच्या शिडीवर उभा राहिलेला माणूस कठड्याच्या वर येतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तुमच्या गच्चीची पाहणी करून लेखी दिल्याशिवाय हा विषय पुन्हा काढू नका. आणि पोर गच्चीवर जात नाही म्हणणाऱ्या दिरांना जिन्याच्या दाराला कडी कितव्यांदा लावायची राहिली ते विचारा.

आता दुकानदार. "खोदकाम नाही म्हणजे परवानगी नाही" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते कुठल्या तरी माहितीपत्रकातच छापलेलं असावं असा मला संशय आहे. ज्या ज्या देशांनी घरगुती पूलसाठी नियम केलेत, तिथे बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो तो पाण्याच्या खोलीचा. खड्डा खणला की नाही, ते नंतर. अमेरिकेतल्या कित्येक गावांनी जी नमुना निवासी बांधकाम संहिता स्वीकारली आहे तिच्यात २४ इंचांहून कमी खोलीच्या तयार पूलला परवान्यातून सूट आहे. दुकानदाराने बहुधा याच सुटीची गोष्ट कुठून तरी ऐकली आणि 'कमी खोली' हे शब्द वाटेत गाळले. ऑस्ट्रेलियात ३०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम फूटभर, याहून जास्त पाणी मावणाऱ्या घरगुती पूलला कुंपण सक्तीचं आहे आणि हवा भरून फुगवायचा पूलही त्यातून सुटत नाही. न्यूझीलंडमध्ये तीच रेषा ४०० मिलिमीटरवर आहे. फ्रान्सची तऱ्हा वेगळी. तिथे एरवीच्या वस्तीत जमिनीवरचा पूल वर्षातून तीन महिन्यांपर्यंतच उभा असेल तर कागद लागत नाहीत, पण तो कायम ठेवला आणि क्षेत्रफळ १० चौरस मीटरच्या वर गेलं की आधी नगरपालिकेला कळवावं लागतं. तुमचा पूल भरतो १६ चौरस मीटरांवर, पाणी साडेतीन फूट. यातली कुठलीही पट्टी लावा, तो लहान ठरत नाही.

तुम्ही कुठल्या गावच्या ते पत्रात नाही, त्यामुळे तुमच्या कार्यालयाचं उत्तर मी देऊ शकत नाही. प्रश्न कसा विचारायचा ते मात्र सांगते. बांधकाम परवानगी देणाऱ्या खिडकीवर जाऊन "छोटासा पूल लावायचाय, परवानगी लागते का?" असं विचाराल तर समोरचा माणूस मान हलवून "नाही लागत" म्हणेल आणि नंतर ओळखही दाखवणार नाही. लेखी अर्ज द्या. त्यात व्यास, भिंतीची उंची, पाण्याची खोली, लिटर, पंपाची वॅट आणि पूल हंगामापुरता आहे की बारमाही, एवढं लिहा. सोबत एका कागदावर प्रमाणात काढलेला नकाशा जोडा : घर, हद्दीच्या भिंती, पूल, पंप, विजेचं बोर्ड, डोक्यावरून जाणाऱ्या तारा, सेप्टिक टँक आणि जमिनीखालच्या पाइपा, आणि प्रत्येकातलं अंतर फुटांत. उत्पादकाचं माहितीपुस्तक जोडा. मग विचारा : हद्दीपासून किती अंतर सोडायचं, कुंपणाची काय अट आहे, विजेच्या कामाला वेगळी परवानगी लागते का, तपासणी पाणी भरण्याआधी होते की नंतर, आणि क्लोरीनचं पाणी कुठे सोडायचं. शेवटचा प्रश्न विचारायला लोक विसरतात आणि हंगाम संपताना साडेसतरा हजार लिटर शेजाऱ्याच्या बागेत जातं.

घर भाड्याचं असेल तर मालकाची, सोसायटीत असेल तर सोसायटीची संमती वेगळी घ्यावी लागेल. नगरपालिकेचा होकार या दोघांना बंधनकारक नसतो. घराचा विमा असेल तर विमा कंपनीलाही आधी कळवा. न कळवता लावलेल्या पूलवरून दावा अडकला तर भांडायला तोंड उरत नाही.

हा नकाशा मला परवान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कागदावर पूलचं वर्तुळ काढलं की तारा, टाकी, झाड, दार सगळं एकदम दिसायला लागतं, आणि निम्म्या घरांत पूलची जागा तिथेच बदलते. कार्यालयाने "आमच्याकडे असा नियमच नाही" असं लेखी दिलं तरी नकाशा कराच आणि खाली लिहिलंय ते सगळं पाळा. नियम नसलेल्या गावात पाणी कमी खोल नसतं.

आता यजमानांकडे येऊ. त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. अमेरिकेतली पूलची नमुना संहिताही म्हणते की जमिनीवरच्या पूलची भिंत ४८ इंच उंच असेल तर तीच कुंपण म्हणून धरता येते. पण ती उंची मोजायची बाहेरच्या बाजूने, जिथे जमीन सर्वांत उंच आहे तिथून, आणि पूलभोवती सगळीकडे. खोक्यावर ४८ इंच छापलेलं असतं. पूलचे पाय फरशीवर टेकवण्यासाठी जमीन थोडी खरवडली, एका अंगाला उतार असला, कडेने वाळूचा भर टाकला, की त्यातले दोन-चार इंच कुठे जातात कळत नाही. यजमानांना मोजपट्टी घेऊन पूलभोवती फेरी मारायला सांगा. एका जागी जरी ४७ भरले तरी ती भिंत कुंपण राहिली नाही.

आणि भिंत पुरती चार फुटांची भरली तरी तिला बाहेरून पाय ठेवायला काही नको. हा मुद्दा मी जरा ताणून सांगणार आहे, कारण फ्रेमच्या पूलमध्ये तोच घात करतो. तुम्ही बघताय त्या प्रकारच्या पूलला उभे लोखंडी पाय असतात आणि ते पाण्याच्या दाबाने बाहेर फाकू नयेत म्हणून कित्येक मॉडेलांत सगळ्या पायांच्या बाहेरून एक पट्टा आवळलेला असतो. पट्टा लहान मुलाच्या पावलाच्या बरोबर कामाचा. त्यावर एक पाय, हाताने वरचा दांडा, आणि मूल कडेवर पोटावर आडवं होतं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत ४८ इंच आणि त्याहून उंच असे सुमारे ५० लाख पूल याच पट्ट्यासाठी परत बोलावण्यात आले. त्यातले काही २००२ पासून विकले गेलेले होते. २००७ ते २०२२ या काळात ९ मुलं अशी चढून बुडाल्याचं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केलं. वयं २२ महिने ते ३ वर्षं. तुमचा धाकटा नेमका त्याच वयाचा आहे, म्हणून हे आकडे लिहिले.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा पूल उभा करून दाखवायला सांगा आणि बाहेरून पायांभोवती हात फिरवून बघा. पट्टा असेल तर दुसरं मॉडेल घ्या. कोणी वापरलेला पूल स्वस्तात देत असेल तर जास्तच जपा, कारण परत बोलावलेला माल अशाच वाटेने फिरत राहतो. आणि एखाद्याच्या घरी असा पूल आधीच उभा असेल तर पट्टा स्वतः कापायला जाऊ नका. तो भार धरून असतो; कापला तर भरल्या पूलचे पाय सरकतील. पूल रिकामा करायचा आणि उत्पादकाकडून दुरुस्तीचा संच मागवायचा.

पट्टा नसला तरी पंप आहेच. पंप आणि फिल्टरचं डबडं लोक भिंतीला चिकटवून ठेवतात, कारण पाइप आखूड येतात. गुडघाभर उंचीचं ते डबडं म्हणजे मुलाला पायरी. ते भिंतीपासून, आणि वेगळं कुंपण असेल तर त्या कुंपणापासून, निदान ३ फूट लांब हवं. खुर्च्या, कुंड्या, खेळण्यांची पेटी, सायकल यांनाही हेच लागू. ऑस्ट्रेलियात कुंपणाभोवतीचा असा ९०० मिलिमीटरचा पट्टा मोकळा ठेवणं नियमातच आहे.

आणि शिडी. या पूलबरोबर येणारी शिडी बहुधा घोड्याची असते, दोन्ही बाजूंनी पायऱ्या. ती लावलेली असताना भिंत चार फुटांची असो की चाळीस, काही फरक पडत नाही. नियम सांगतात, शिडी काढता किंवा कुलूपबंद करता आली पाहिजे, नाहीतर शिडीभोवती कुंपण पाहिजे. बाहेरच्या पायऱ्या उचलून काढता येतात अशा शिड्या मिळतात. तशीच घ्या. पण काढलेल्या पायऱ्या पूलला टेकवून ठेवल्या तर काय उपयोग? त्या घरात जायला हव्यात, आणि शेवटच्या माणसाने बाहेर पडल्याबरोबर. "जेवून येतो, मग पुन्हा उतरायचंय" या वाक्यामुळे शिडी लावलेली राहते. यजमान रोज, हंगामभर, न चुकता ती काढतील याची खात्री तुम्ही देऊ शकता का? मी माझ्या घरातल्या कोणाचीच देणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत : घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर भिंतीला कुंपण मानू नका. वेगळं कुंपण घाला. आणि पैशांचा हिशेब करताना कुंपण आधी, पूल मागून. दोन्ही परवडत नसेल तर या वर्षी पूल नको.

कुंपण कसं हवं? उंची निदान ४ फूट. उभ्या गजांमधली किंवा खालची फट ४ इंचांपेक्षा कमी. खाली माती किंवा गवत असेल तर २ इंच, कारण माती उकरता येते. आडवे दांडे बाहेरच्या बाजूला नकोत, ती शिडीच होते. जाळीचं कुंपण घालणार असाल तर पावलाची बोटं अडकणार नाहीत इतकी बारीक जाळी घ्या. फाटकात सगळ्यात जास्त जीव ओता. ते पूलच्या विरुद्ध बाजूला, बाहेरच्या अंगाला उघडायला हवं, म्हणजे बाहेरून ढकलणारं मूल ते बंदच करतं. आपोआप मिटायला हवं आणि आपोआप कडी पडायला हवी. कडी बाहेरून उघडते ती ५४ इंचांवर, मुलाचा हात पोचणार नाही अशी. फाटक बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी एक करा : फाटक पूर्ण उघडून सोडा, मग अर्धं उघडून सोडा, मग फक्त चार बोटं उघडून सोडा. पहिल्या दोन वेळा ते धाडकन लागतं. तिसऱ्या वेळेला स्प्रिंगमध्ये जोर उरत नाही आणि ते कडीला टेकून तसंच राहतं. लांबून बंद दिसतं. तिथेच मिस्त्रीला स्प्रिंग आवळायला लावा आणि पुढे दर महिन्याला हीच तपासणी करा. बिजागऱ्या खाली बसल्या की कडीची जीभ चुकते. विटेने उघडं अडकवून ठेवलेलं फाटक मी कित्येक घरी पाहिलंय, आणि वीट ठेवणारा दरवेळी मोठा माणूसच असतो.

कुंपणाची चौथी बाजू म्हणून घराची मागची भिंत धरायचा मोह होईल, लांबी वाचते. ते करू नका. लहान मूल रस्त्यावरून येत नाही, ते स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून येतं. चारही बाजूंनी पूल वेगळा काढणारं कुंपण हे घरासकट अंगणाला घातलेल्या कुंपणापेक्षा जास्त मुलं वाचवतं, हे अभ्यासांमधून दिसलेलं आहे. जागाच नसेल आणि घराची भिंत धरावीच लागली तर त्या दाराला वर कडी आणि उघडताच वाजणारी घंटा हवी.

पाण्यात पडलं की वाजणारे अलार्म, मनगटी पट्टे वगैरे मिळतात. कुंपणानंतर हवे तर घ्या, कुंपणाऐवजी नको. ते वाजतात तेव्हा मूल पाण्यात पडलेलं असतं. आणि एका गोष्टीला मात्र सरळ विरोध आहे : उन्हाने पाणी तापावं म्हणून त्यावर पसरतात ते बुडबुड्यांचं निळं प्लास्टिक. लोक ते पसरून निर्धास्त होतात. मूल त्यावर पडलं तर ते खचतं, मूल गुंडाळलं जातं आणि वरून दिसतही नाही. माणसाचं वजन पेलणारं सुरक्षा आच्छादन ही निराळी वस्तू आहे आणि ती या आकाराच्या फ्रेमच्या पूलला सहसा बसत नाही.

विजेचं काम वायरमनलाच द्या, आणि तोही बाहेरच्या, ओल्या जागेचं काम केलेला. घरातून खिडकीतून काढलेली एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गवतावरून पंपापर्यंत नेलेली असते, ते दृश्य तुमच्याकडे नको. अमेरिकन विद्युत संहितेत पूलच्या भिंतीपासून ६ फुटांच्या आत प्लगपॉइंट चालत नाही आणि वरून जाणाऱ्या वीजतारांना पाण्याच्या पातळीपासून निदान साडेबावीस फूट मोकळं अंतर लागतं. तारांच्या बाबतीत मी तर म्हणेन, पूलच्या डोक्यावर तार येतच नाही अशी जागा शोधा. साफसफाईची जाळी लांब ॲल्युमिनियमच्या दांड्यावर असते आणि ती उभी धरून वळणारा माणूस वर बघत नाही. पंपाच्या लाइनला गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. बऱ्याच देशांत तो ३० मिलीअँपिअरचा वापरतात. अमेरिकेत पूलजवळचे सुमारे ५ मिलीअँपिअरला तुटतात. साधा एमसीबी इथे कामाचा नाही. तो वायर वाचवण्यासाठी असतो, माणसाला मारायला पुरेल एवढा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. आरसीसीबीवर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, वीज गेली पाहिजे. वायरमनला अर्थिंगबरोबर बाँडिंगबद्दलही विचारा, म्हणजे पूलचा लोखंडी सांगाडा, शिडी, पंपाची धातूची अंगं तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडणं, जेणेकरून ओल्या हाताने दोन गोष्टी एकदम धरल्या तरी त्यांच्यात विजेचा दाब उरणार नाही. "अर्थिंग केलंय ना, झालं" असं तो म्हणाला तर दुसरा वायरमन बघा.

जमिनीबद्दल थोडक्यात. पाणी स्वतः सपाट राहतं, जमीन नाही, त्यामुळे उताराच्या अंगाला पाणी जास्त खोल होतं आणि तिकडचे पाय बाहेर सरकायला लागतात. पारदर्शक नळीत पाणी भरून कडेकडेने लेव्हल घ्या. उंच भाग खरवडून खाली आणायचा, सखल भागात भर टाकून वर आणायचं नाही. भर ओली झाली की बसते. सेप्टिक टँक किंवा त्याच्या शोषखड्ड्यावर पूल नको. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा जमिनीच्या पातळीत बसवा. आणि भरताना बागेची नळी पाण्यात बुडवून ठेवू नका, कडेच्या वर टांगा. मधेच नळाचा दाब गेला तर बुडालेली नळी पूलचं पाणी उलटं घराच्या पाइपात ओढते.

क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडर कुलपात, थंड जागी, आणि दोन प्रकारची क्लोरीन रसायनं एका डब्यात किंवा एका डावाने कधीही नाही; ती एकमेकांच्या संपर्कात पेट घेऊ शकतात. ॲसिड वापरलं तर ते पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. मोठ्यांनी सूर मारायचा नाही, हेही दिरांना आधीच सांगा. साडेतीन फूट पाण्यात डोकं तळाला आपटलं की मान मोडते, आणि तसं करणारे बहुतेक वेळा पोहता येणारेच असतात.

सासूबाईंचं शेवटी घेतेय, कारण त्यांच्याशी मी जवळजवळ सहमत आहे. अडीच वर्षांचं मूल बुडताना आरडाओरडा करत नाही, हात हलवत नाही. तोंडात पाणी गेलं की आवाजच फुटत नाही, आणि काही मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून "आम्ही सगळे तिथेच होतो" हे वाक्य या बातम्यांमध्ये इतक्यांदा येतं. दहा मोठी माणसं पूलभोवती गप्पा मारत असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पूल घ्याच म्हणत असाल तर घरात एक रीत पाडा : पाण्यावर लक्ष एकाच मोठ्या माणसाचं, नाव घेऊन दिलेलं, आणि उठताना नाव घेऊन दुसऱ्याकडे सोपवलेलं. त्याच्या हातात मोबाइल नाही. थोरलीला ही जबाबदारी द्यायची नाही, ती कितीही शहाणी असली तरी. धाकटा पाण्यात असेल तेव्हा त्याला पकडणारा हात त्याच्यापासून हातभर अंतरावर, पाण्यातच. दंडाला बांधायचे फुगे असले तरी. खेळणी पाण्यात तरंगत सोडायची नाहीत. मूल पाण्याकडे जात नसतं, बदकाकडे जात असतं. आणि घरातल्या दोघांनी तरी बुडालेल्याला कृत्रिम श्वास देणं शिकून घ्या. हृदय अचानक बंद पडलेल्या मोठ्या माणसासाठी नुसती छाती दाबायला सांगतात ते आपण ऐकलेलं असतं. बुडालेल्यात मुळात प्राणवायूच संपलेला असतो, तिथे तोंडाने श्वास देणं लागतंच.

राहिला वाढदिवस. अर्ज, नकाशा, कुंपणवाला, वायरमन, तपासणी, हे सगळं तीन आठवड्यांत बसत नाही, आणि घाईत या क्रमातलं जे गळतं ते नेमकं कुंपण असतं. अर्ज या आठवड्यात द्या आणि थोरलीला सरळ सांगा की पूल वाढदिवसाला नाही, मिळेल तेव्हा. त्या दिवसासाठी एक घट्ट प्लास्टिकचा उथळ टब आणा, मुलांच्या पोटरीइतकंच पाणी घाला, एक मोठा माणूस शेजारी बसवा. फुगवायचा मऊ कडेचा मोठा पूल त्याऐवजी घेऊ नका. त्याची कड मुलाच्या वजनाने दबते आणि वाकून बघणारं मूल डोक्यावर आत जातं. पाहुणे निघायच्या आधी टब रिकामा करून भिंतीला उपडा लावून ठेवा. आणि दुकानदाराला बयाणा दिला नसेल तर परवान्याचा कागद हातात येईपर्यंत देऊ नका. दिला असेल तर पावतीवर 'परवानगी नाकारल्यास रक्कम परत' असं त्याच्या सहीने लिहून घ्या. तो म्हणतोच आहे ना, परवानगी लागत नाही, मग सही करायला त्याची हरकत नसावी.